नाळेगडाची लढाई आणि केरबाच्या बंदुका

नाळेगडाच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात केरबा सुतार होता. भोळा म्हणजे किती भोळा? कुणी ‘जरा बस’ म्हणालं, तर दुसरं कुणी ‘ऊठ’ म्हणेपर्यंत तो उठायचा नाही. हातात मात्र कसब होतं. डोकं तेवढं देवानं घाईघाईत बसवलं असावं.

गावात दरवर्षी गडाची लढाई व्हायची. खरी नव्हे, खोटी. तीनशे वर्षांपूर्वी शत्रूनं गडाला वेढा घातला, किल्लेदार लढता लढता पडला, गड गेला. ती लढाई गावकरी पोशाख घालून करून दाखवायचे. केरबा त्यात आठ वर्षं मढं होत होता. पहिला बार उडाला की पडायचं आणि शेवटपर्यंत उन्हात पडून राहायचं, एवढंच काम. मुंग्या चावल्या तरी हलायचं नाही.

त्याची बायको गोदा म्हणायची, "अवो, एकदा तरी उभं ऱ्हायलेलं दिसा की. दरसाल तुमचं मढं बघून मला भाकरी गोड लागत न्हाई."

केरबालाही फार वाटायचं, एकदा तरी तटावर बंदूक घेऊन उभं राहावं आणि गोदानं ते बघावं. झोपेतसुद्धा वाटायचं.

त्या साली योग आला. सगळ्यात अस्सल लढाई कुठल्या गावाची, हे ठरवायला पुण्याहून परीक्षक येणार होते. गावच्या लढाईचे कर्तेधर्ते आबासाहेब निगुडकर, निवृत्त हेडमास्तर. अस्सलपणाचं त्यांना भारी वेड. कुणाच्या पागोट्याचा एक पेच चुकला तरी त्यांना जेवण जायचं नाही. त्यांनी केरबाला बोलावणं धाडलं.

"केरबा, वीस ठासणीच्या बंदुका करायच्या. परीक्षकांनी पास केल्या तर यंदा तू तटावर. नाहीतर पुन्हा मढं."

केरबानं जीव ओतून नमुन्याची एक बंदूक केली. पाण्याच्या पाइपची नळी, शिसवाचा दस्ता. आबासाहेबांनी ती डोळ्यांजवळ नेली. नळीवर सरकारी शिक्का होता. दस्त्याला फुलीचे स्क्रू होते.

"फुलीचे स्क्रू? आणि ही चकाकी कसली? अरे, बंदूक तीनशे वर्षांची दिसली पाहिजे."

"व्हय साहेब," केरबा म्हणाला.

घरी येऊन त्यानं स्क्रू काढले, खिळे मारले, शिक्का घासून टाकला. आता तीनशे वर्षं कुठून आणायची? त्यानं बंदूक उकिरड्यात पुरली. रोज वरून मिठाचं पाणी ओतलं. शेजारच्या पडक्या गोठ्यातली वाळवी करवंटीत आणून दस्त्यावर सोडली. पंधरा दिवसांनी बंदूक उकरली आणि आबासाहेबांपुढं ठेवली. चाप त्यांच्या हातातच आला.

आबासाहेबांनी नाकाला उपरणं लावलं. "केरबा, लढाईच्या दिवशी बंदूक तीनशे वर्षांची होती का?"

"मला काय ठावं?"

"तेव्हा ती नवीच होती ना. सैनिक काय उकिरड्यातल्या बंदुका घेऊन लढले? तेव्हा जशी होती तशी कर. नवी, तेलपाणी केलेली."

"पर तुमीच म्हणलासा..."

"मी काय म्हणालो ते सोड. आता काय म्हणतोय ते ऐक."

केरबाला पटलं. ती उकिरड्यातली बंदूक त्यानं आबासाहेबांच्याच पडवीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली. पुन्हा घोटाळा नको म्हणून आबासाहेबांनी गावातल्या सरनाईकांच्या घरून एक खरी बंदूक मागून आणली. त्या लढाईत प्रत्यक्ष चाललेली. सरनाईक ती दसऱ्याला पूजायचे. मखमलीत गुंडाळून ती केरबाच्या हाती दिली आणि ‘हिच्यावरून बाकीच्या बेत’ म्हणाले.

केरबानं घरी मखमल सोडली आणि त्याला वाईट वाटलं. नळी काळी पडलेली, दस्त्याला चिरा गेलेल्या, चांदीची तार उडालेली. आणि साहेब तर म्हणाले, तेव्हा जशी होती तशी कर. त्यानं विटेच्या पुडीनं नळी घासली. जुना दस्ता काढून चुलीत घातला, नवा बसवला. वर लाखेचं पॉलिश मारलं. मग तिच्यासारख्याच वीस केल्या आणि एकवीस बंदुका ओळीनं आबासाहेबांच्या पडवीत मांडल्या.

आबासाहेब खूश झाले. "वा. आता सरनाईकांची दे."

"ह्यातच हाय की."

"कुठली?"

केरबानं ओळीवरून दोनदा नजर फिरवली. "आता मलाबी वळखत न्हाई. लई झ्याक जमल्याती."

आबासाहेबांनी एकेक बंदूक उचलून बघितली आणि खाली ठेवली. "जुन्या वस्तूला हात लावायचा नसतो रे. आहे तशी राहू द्यायची. धूळसुद्धा झटकायची नाही. आणि दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू द्यायचं नाही."

"आदी सांगायचं न्हाई व्हय," केरबा म्हणाला. हे मात्र त्यानं घट्ट लक्षात ठेवलं.

लढाईच्या आदल्या दिवशी दुपारी परीक्षक आले. एकवीस बंदुका बघून म्हणाले, "नकला बऱ्या आहेत." सरनाईकांच्या बंदुकीवरून त्यांची नजर कधी घसरली ते कळलंसुद्धा नाही. मग कोपऱ्यात टेकवलेली उकिरड्यातली बंदूक त्यांना दिसली. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि हुंगली.

"ही मात्र अस्सल. हा तीन शतकांचा वास आहे," असं म्हणून त्यांनी वहीत चार ओळी लिहिल्या. "हिच्यावरून बेतल्यात म्हणजे बाकीच्याही पास."

आबासाहेबांनी घाईघाईनं मान डोलावली. केरबा पळत घरी गेला आणि गोदाला म्हणाला, "उद्या लवकर येऊन म्होरं बस."

संध्याकाळी परीक्षकांना जागा दाखवायला सगळे गडावर निघाले. परीक्षक पुढं गेले. आबासाहेब मागून केरबाबरोबर चढत होते, तेवढ्यात त्यांचा पाय पायरीवरून सटकला. सत्तरी उलटलेला माणूस मातीत आडवा झाला.

"केरबा, हात दे."

केरबानं हात पाठीमागं बांधले. "न्हाई साहेब. जुन्याला हात लावायचा न्हाई."

"अरे, पाय मुरगळलाय."

"असू द्या. हाय तसं ऱ्हाऊ द्यायचं."

दोन गडी धावत आले, तर केरबानं खांद्यावरची नवी बंदूक आडवी धरली. "लांब व्हा. धूळबी झटकायची न्हाई." अर्धा तास त्यानं पहारा दिला. शेवटी परीक्षक परत आले, म्हणून आबासाहेब उचलले गेले.

घरी पायाला पट्टी बांधून घेताना ते कळवळून म्हणाले, "अरे गाढवा, माणूस पडला की विचार करत बसायचं नाही. उचलायचा आणि थेट दवाखान्यात पोचवायचा. तो स्वतः नको म्हणाला तरी ऐकायचं नाही. समजलं?"

"समजलं."

दुसऱ्या दिवशी गडावर मुंगीला जागा नव्हती. परीक्षक वही उघडून बसले. आबासाहेब पाय स्टुलावर ठेवून बसले. गोदा सगळ्यात पुढं होती. तटावर केरबा उभा राहिला, बंदूक खांद्याला, आणि गोदाचे डोळे भरून आले.

शिंग वाजलं. बत्त्या लागल्या. वीस बंदुका एकदम कडाडल्या आणि शत्रूचे सहा जण पडले.

केरबानं ते बघितलं. त्यानं बंदूक तटाला टेकवली, धडाधडा खाली उतरला आणि पहिल्याला खांद्यावर घेतलं. तो शिवराम तेली होता.

"आरं सोड, मी मेलोय," शिवराम कुजबुजला.

"म्हणूनच घाई करतोय," केरबा म्हणाला. दरवाजाशी मांडवाचा टेम्पो उभा होता, त्यात त्याला घातला. मग दुसरा. मग तिसरा.

ऊन रणरणत होतं. पडलेल्यांना सावलीत नेतायत, हे बाकीच्या शत्रूनं बघितलं. मग ज्यांना बार लागला नव्हता तेही पडायला लागले. घटकाभरात शत्रूची अख्खी फौज आडवी झाली आणि केरबानं तीन खेपांत ती खाली दवाखान्यात पोचवली. परीक्षकांचं पेन थांबलं. किल्लेदार झाला होता सरपंचांचा भाऊ. मरतानाचं भाषण त्यानं महिनाभर पाठ केलं होतं. तो छातीवर हात ठेवून पडला आणि म्हणाला, "गड्यांनो, माझ्यामागं हा गड..." पुढचं त्याला टेम्पोत म्हणावं लागलं.

मैदान रिकामं झालं. तीनशे वर्षांपूर्वी पडलेला गड त्या दिवशी काही पडला नाही, कारण घ्यायला कुणी उरलंच नव्हतं.

आबासाहेब काठी टेकत दवाखान्यात आले. बाकांवर दोन्हीकडचे मेलेले ओळीनं बसून चहा पीत होते. नर्सबाई किल्लेदाराला धनुर्वाताचं इंजेक्शन देत होत्या.

"केरबा, काय केलंस हे?" आबासाहेबांचा आवाज रडवेला झाला. "अरे, इतिहासात ही सगळी माणसं मेली होती."

केरबानं उपरण्यानं घाम पुसला.

"मेली असत्याल साहेब," तो म्हणाला. "तवा मी गडावर कुठं व्हतो?"