टिपरेसाहेबांचे रसिक

सोसायटीचे अध्यक्ष टिपरेसाहेब कोजागरीला दोन तास गायले आणि दुसऱ्या दिवशी सचिव सुनेत्राताईंना म्हणाले, "ग्रुपवर 'अप्रतिम' लिहिणारे आणि शेवटपर्यंत बसलेले, या दोन्ही याद्या एक्सेलमध्ये ताडून बघा. दोन्हींत असतील त्यांचा सत्कार करू!"

सुनेत्राताईंनी ताडून पाहिलं. एकही नाव जुळेना. शेवटपर्यंत बसलेले मसाला दुधासाठी थांबले होते, हे आता सांगायचं कसं?

भर सभेत साहेब कडाडले, "एकही नाही? फॉर्म्युला चुकलाय तुमचा! राजीनामा द्या!"

"फॉर्म्युला बरोबर आहे, साहेब," ताई अदबीने म्हणाल्या. "'अप्रतिम' लिहिणारे सगळे पहिल्या गाण्यानंतर उठले होते. पुढच्या वर्षी एकच गाणं म्हणा, याद्या तंतोतंत जुळतील."