परसातली वन्संची खोली

ऐका वास्तुमाते, तुझी कहाणी. नदीच्या वळणावर एक आटपाट नगर होतं. तिथं सगुणा नावाची कासारीण राहत असे. घर एवढंसं, चूल एक. त्यात तिची थोरली नणंद भागू विधवा होऊन माहेरी आली. दोघी मायेच्या, पण भांड्याला भांडं लागायचंच. सगुणा म्हणाली, "परसात वन्संना खोली बांधू. दार वेगळं, चूल वेगळी." नवरा म्हणाला, "अगं, पैसा कुठला?"

मग सगुणेला स्वप्न पडलं. परसात हिरव्या लुगड्याची सवाष्ण उभी. म्हणाली, "मी इथली वास्तू. माझा वसा घे. इथं वाईट बोलू नये. जो बोल निघेल त्याला मी तथास्तु म्हणते." सगुणा म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग पाया आखला. सगुणा म्हणाली, "होईल." गाय विकली, पाया झाला. मग भिंती आल्या. सगुणा म्हणाली, "होईल." पाटल्या मोडल्या, भिंती झाल्या. मग छप्पर राहिलं. सगुणेपाशी मोडायला काही उरलं नव्हतं. भागूनं गाठोड्यातली पुतळ्यांची माळ काढून दिली, छप्पर झालं. खोली अशी गोजिरी, की चांदणंसुद्धा आधी तिथं उतरे.

ती एका व्यापाऱ्यानं पाहिली. म्हणाला, "बाई, भाड्यानं देता?" झालं! सगुणा उतली, मातली. म्हणाली, "वन्सं, तुम्ही काय, माजघरातही निजाल. ही खोली तुमची नाही." आढ्यावरून आवाज आला, "तथास्तु." भागूचे डोळे भरले. गाठोडं उचललं, उंबऱ्यात थांबली. जाते म्हणू नये, म्हणून म्हणाली, "येते हो, सगुणे." आढ्यावरून पुन्हा आवाज आला, "तथास्तु." सगुणेचं लक्ष भाड्याकडे.

मग व्यापारी राहिला, चूल पेटेना. सोनार राहिला, दिवा तगेना. वैद्य राहिला, डोळ्याला डोळा लागेना. तिघेही जाताना म्हणाले, "बाई, ही खोली कुणाची तरी वाट बघते."

सगुणा चिडली. म्हणाली, "बघू तरी!" स्वतःच तिथं जाऊन पडली. डोळा लागतो न लागतो तोच हिरवं लुगडं दिसलं. वास्तू म्हणाली, "मी दोन बोलांना तथास्तु म्हटलंय. एकात खोली तिची नाही. एकात ती येणार. कुठला खरा करू, तूच सांग." सगुणेला रडू फुटलं. "दुसरा, आई, दुसरा!"

मग ती अनवाणी धावली. नदीपल्याडच्या देवळात भागू लोकांचं दळण दळत होती. "वन्सं, घरी चला." भागू म्हणाली, "कुठल्या घरी? खोली माझी नाही म्हणालीस ना?" सगुणेनं जात्याचा खुंटा धरला. म्हणाली, "जळो माझी जीभ. तुम्ही येते म्हणाला होता, वन्सं. मला खोटं पाडा, स्वतःला पाडू नका."

भागूनं पीठ झटकलं आणि उठली.

जशी भागू आपल्या खोलीत आली, तशी तुमची आमची दुखावलेली माणसं घरी येवोत. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो.