आवडीकाकीचा पिवळा पोपट

खाडीवर पूल नव्हता, पैलतीरी जायला एक होडी तेवढी होती, त्या काळची गोष्ट. साकेरी गावात आवडी मेस्त्रीण राहायची. नवरा गेला, मागे सुतारकामाची हत्यारं ठेवून गेला. आवडी पांगाऱ्याचे टाकाऊ तुकडे तासून बैल, बाहुल्या, पोपट करायची नि गरिबाघरच्या पोरांना द्यायची. रंग कुठले? चुलीपुढचेच! पिवळ्याला हळद, लालाला रातांब्याची सालं, काळ्याला तव्याची काजळी. रंग सुकला की खेळणं आधी स्वतः चाटायची, मग पोराच्या हातात. पोर ते, तोंडात घालणारच! "आवडीनं चाटलंय" म्हटलं की आया निर्धास्त.

पण हळद उन्हाला टिकते होय? चार दिवसांत पोपट फिका. बाया कुजबुजायच्या, जत्रेतली खेळणी बघा कशी झळकतात! आवडीला ते झोंबलं. माणूसच ती. जत्रेतल्या रंगवाल्याकडून तिनं चिमूटभर हरताळ, म्हणजे पिवळ्या दगडाची पूड, आणला नि पोपट रंगवला. असा पिवळा, की डोळे दिपावेत! शेजारची मंजुळा तान्ह्याला घेऊन माहेरी निघाली होती, होडी सुटायची घाई. आवडीनं पोपट पोराच्या मुठीत दिला. चाटायचं राहून गेलं.

घरी परतते तर अंगणात कोंबडी मरून पडलेली. चोच पिवळी. शेजारी रंगाची करवंटी कलंडलेली.

पदर खोचून आवडी धावत सुटली. बंदरावर पोचली, तोवर होडी खाडीच्या मध्यावर.

"मंजुळे, पोपट तोंडात घालूक देव नको गो!"

वारा उलटा. अर्धंमुर्धं ऐकून मंजुळा हसत ओरडली, "घालूंदे गो काकी! तू चाटलंस मां, मगे भीती कसली?"

आता काय बोलायचं? सगळ्या बंदरासमोर कबूल करायचं? त्या एका विश्वासावाचून आवडीकडे गावात दुसरं होतं तरी काय! तिकडे पोराची मूठ ओठांकडे निघाली. आवडी तशीच पाण्यात शिरली नि जीव खाऊन किंचाळली, "चाटूक नाय! मी चाटूक नाय गो!"

वाऱ्यानं तिचा आवाज मागे लोटला. पण असं म्हणतात, त्याच क्षणी पोराच्या मुठीतल्या लाकडी पोपटानं चोच उघडली आणि थेट आवडीच्या आवाजात तो ओरडला, "चाटूक नाय! चाटूक नाय!" मंजुळेनं घाबरून तो हिसकावला नि खाडीत भिरकावला. पोर भोकाड पसरून रडलं, पण वाचलं.

आवडीचा आवाज पोपटाबरोबर गेला तो गेलाच, असं म्हणतात. मुकी आवडी पुन्हा हळदीचे फिके पोपट करू लागली आणि प्रत्येक पोपट आईच्या डोळ्यांदेखत चाटून देऊ लागली.

आज खाडीवर पूल आहे. साकेरीत खेळणी मुंबईहून येतात, तीही प्लास्टिकची. तरी आणणाऱ्याला आई दारातच अडवते आणि विचारते, "चाटलंत?" मामा असो नाहीतर मोठा साहेब, खेळण्याला जीभ लावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. कुणी हसलाच, तर म्हातारी माणसं खाडीकडे बोट दाखवतात. खोटं बोललात तर तो पोपट सांगेल, म्हणतात.