वाटीचा पाय आणि सळईचा पाय

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस परतून आठवडा झाला होता. आभाळ निळं होतं, खाडीवरून कोरडा वारा सुटला होता. मीठ पिकवायला अशीच हवा लागते. पण खाडीकाठचा एक आगरी ओटीवर बसून होता. त्याचा एक पाय बैलगाडीखाली सापडला होता आणि गुडघ्याखालून तोडावा लागला होता.

मीठ धरण्याआधी मिठाच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. मिठागराच्या मुकादमानं सांगितलं होतं, "यंदा तुझा भाऊ तुडवील. पुढच्या साली तू उभा राहिला नाहीस, तर वाफा दुसऱ्याचा."

सुतारानं त्याला लाकडी पाय दिला होता. तो पट्ट्यांनी मांडीला बांधायचा. बांधायला सोपा, पण चिखलात पाय मागं राही आणि आगरी पुढं पडे.

म्हणून तो राजाच्या हाडवैद्याकडे गेला.

"उरलेल्या पायाच्या खुंटाचं माप घेऊन त्यावर बसेल अशी लाकडाची वाटी कोरतो, तिच्याखाली लाकडी पाय," वैद्य म्हणाला. "आत लोकर. घट्ट बसते. पण घाम धरते, कातडी सोलते, दुपारी काढून ठेवावी लागते. नाहीतर हाडातच लोखंडी सळई बसवतो, पाय तिच्यावर चढवायचा."

तसा सळईचा पाय लावलेला एक शिपाई अंगणातल्या फरशीवर झपाझप चालत होता. "खालचा खडासुद्धा कळतो मला," तो म्हणाला.

आगऱ्याचा जीव तिथंच अडकला. तळ घट्ट झाला की अजून भुसभुशीत आहे, हे तुडवणाऱ्याला पावलानंच कळतं. "मला हाच द्या," तो म्हणाला.

"सहा महिने खाटेवर पडावं लागेल. आणि सळई बाहेर येते तिथली कातडी जन्मभर मिटत नाही. रोज उकळलेल्या पाण्यानं धुवायची. घाण आत गेली तर हाड सडतं, मग गुडघाही जातो. तू काम कुठं करतोस?"

"खाडीच्या चिखलात."

आगऱ्यानं शिपायाच्या पायाकडं आणि त्याखालच्या कोरड्या फरशीकडं पाहिलं. मग म्हणाला, "वाटी कोरा."

पुढच्या साली तो वाफ्यात उतरला. लाकडाला काही कळत नव्हतं, म्हणून प्रत्येक जागा तो आपल्या खऱ्या पावलानं पुन्हा चाचपून बघे. चार दिवसांच्या कामाला आठ दिवस लागले. दुपारी बांधावर बसून तो वाटीतली लोकर सुकवी.

शेजारचा कोळी येता-जाता विचारी, "काय रे, आज पाय वाळत घातलास?"

"तू जाळं घालतोस तसाच."

नवव्या दिवशी मुकादमानं तळावर टाच दाबून पाहिली. टाच रुतली नाही. वाफा आगऱ्याकडंच राहिला.

संध्याकाळी सोललेल्या कातडीला तेल लावताना तो कोळ्याला म्हणाला, "त्या शिपायाचा पाय अजून डोळ्यांपुढून जात नाही बघ."

"पाय चांगलाच असणार तो," कोळी म्हणाला. "पण त्रास नसलेला पाय कुणीच करून देत नाही, बाबा. आपल्याला रोज कुठला त्रास काढता येईल, ते बघून निवडावं."