महाराजांचा चेंडू उजवीकडेच का जातो

"उद्या सकाळी माझा चेंडू त्या कोपऱ्यातल्या जाळीत पडला नाही, तर परवा तू या संस्थानात दिसायचा नाहीस," असं म्हणून देवखिंडीच्या आबासाहेब महाराजांनी बिलियर्डची काठी खेळाचे गुण मोजणाऱ्या दौलू मार्करच्या अंगावर भिरकावली आणि ते तरातरा जेवायला निघून गेले.

दौलू काठी छातीशी धरून घरी आला. घर म्हणजे बिलियर्डच्या दालनामागची एक खोली. त्याची बायको गोजरा आठ महिन्यांच्या लेकीला भात भरवत होती.

"महाराज म्हणतात, टेबलात खोट नाही, कारण ते त्यांनी निवडलंय. हातात खोट नाही, कारण तो त्यांचा आहे. मग राहिलं कोण? मी."

 गोजरा तशी चटकन घाबरणारी. लेक शिंकली की काढा उकळायला ठेवायची, आणि काढ्यानं उष्णता वाढेल म्हणून तोच काढा मोरीत ओतायची. पण टेबलाच्या हिरव्या बनातीवर रोज ब्रश फिरवायचं काम तिचं होतं. त्या टेबलाची नस न् नस तिला ठाऊक होती.

"त्यांचा चेंडू जातो तरी कुठे?"

"उजवीकडे. दर वेळी दोन बोटं उजवीकडे."

"म्हणजे खिडकीच्या बाजूला?"

"या टोकाला उभे राहिले की खिडकीकडे. त्या टोकाला गेले की दाराकडे."

"म्हणजे टेबल दोन्हीकडे कलतं?"

"काहीतरीच काय? पाणसळ लावून पाहिलीय मी. आणि एक टेबल दोन्हीकडे कलेल कसं?"

"तेच म्हणते मी. मग टेबल नव्हे. महाराज नेम कसा धरतात, दाखवा बघू."

दौलूनं पाटावर काठी टेकवली, वाकून हनुवटी काठीवर आणली आणि डावा डोळा मिटला. बाप डोळा मारतोय असं वाटून लेक खुदकन हसली.

"हे डोळा मिटणं कशाला?"

"महाराजांची सवय आहे ती. तेवीस वाघ मारलेत त्यांनी असा नेम धरून."

गोजरानं काठी आपल्या हातात घेतली. डावा डोळा मिटून तिनं पाण्याच्या हंड्यावर नेम धरला. अगदी मधोमध. मग तिनं दोन्ही डोळे उघडले. काठीचं टोक हंड्याच्या उजवीकडे, मिठाच्या बरणीवर रोखलेलं होतं.

"अहो, बंदूक गालाला लावतात, ती उघड्या डोळ्याखाली असते. ही काठी आहे हनुवटीखाली. डोळा एकीकडे, काठी एकीकडे!"

"मग जा आणि सांग त्यांना, महाराज, डोळा उघडा."

गोजरानं काठी खाली ठेवली. हातात खोट काढली तर हद्दपारी. डोळ्यात काढली तर काय, हा विचार तिला करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज दिवाणजींना घेऊन दालनात आले. समोर गोजरा, हातात झेंडूची दोन फुलं. दारातून परत फिरावं असं तिच्या तीनदा मनात आलं होतं, पण चौथ्यांदा यायच्या आत महाराजांनीच तिला पाहिलं.

"तू कोण?"

"टेबल झाडते, महाराज. मार्करची बायको."

"आणि तो कुठाय?"

"धनी बाहेर लेकीला घेऊन उभे आहेत. दोघंही रडताहेत."

तिनं जाळीच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला दुसरं अशी फुलं ठेवली. "महाराज, डाव्या डोळ्यानं डावं फूल सांभाळायचं, उजव्यानं उजवं. आणि चेंडू दोन्ही फुलांच्या मधून जाऊ द्यायचा."

"हा काय पोरखेळ?" दिवाणजी म्हणाले.

"घरात पोर आहे, दिवाणजी. दुसरा खेळ खेळायला वेळच मिळत नाही."

महाराज वाकले. हनुवटी काठीवर आली आणि डावा डोळा आपसूक मिटू लागला.

"महाराज, डावं फूल."

डोळा उघडला. काठी मागे गेली. डोळा पुन्हा किलकिला झाला.

"महाराज, फूल..."

"बघतोय मी!"

टक्. चेंडू सरळ गेला आणि फुलाच्या पाकळीलाही न शिवता जाळीत जाऊन पडला. महाराजांचा विश्वास बसेना. ते दुसऱ्या टोकाला गेले. गोजरानं फुलं तिकडे नेली. पुन्हा जाळीत. तिसऱ्यांदाही जाळीत.

महाराजांनी काठी टेबलावर ठेवली. "आता खरं सांग. खोट कुठे होती? टेबलात?"

"छे, महाराज. ते आपण निवडलंय."

"माझ्या हातात?"

"देवा, नाही."

"मग तुझ्या नवऱ्यात?"

"त्यांच्यात पुष्कळ आहेत. पण ही नाही."

"मग गुन्हेगार कोण?"

"तो या दालनात नाहीच, महाराज. शिलेखान्यात भिंतीवर टांगलेला आहे. आपली बंदूक. तिनंच आपल्याला एक डोळा मिटायची सवय लावली."

 महाराजांच्या भुवया वर चढल्या.

"ती बंदूकही मीच निवडलीय."

 गोजरा सगळा विचार करून आली होती, नेमका हाच राहिला होता. बाहेरून लेकीचं रडणं ऐकू आलं आणि तिच्या तोंडून आपोआप शब्द बाहेर पडले.

"म्हणून तर ती वाघावर कधी चुकली नाही, महाराज. ज्याचा जीव घ्यायचा, त्याच्याकडे एका डोळ्यानं बघतात. ज्याला घरात ठेवायचं, त्याच्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघावं लागतं."

महाराजांनी जाळीतल्या चेंडूकडे पाहिलं. मग दाराबाहेर नाक पुसत उभ्या असलेल्या दौलूकडे पाहिलं. आणि ते असे हसत सुटले की टेबलाची कड धरून त्यांना खाली बसावं लागलं.

"दिवाणजी, लिहून घ्या," हसू आवरत ते म्हणाले. "दौलूची नोकरी हयातभर कायम. त्याच्या घरी आजच एक दुभती गाय पोचवा. हिच्या हातात सोन्याच्या पाटल्या घाला. आणि आजपासून गुण मोजेल दौलू, पण मला नेम शिकवेल ही!"