एकाच कार्डाचे तीन पत्ते

एका डोंगरी तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध गुरुजी होते. ते वेदान्त शिकवीत नसत, सर्व्हर सांभाळायला शिकवीत. त्यांचा एक शिष्य रुग्णवाहिका केंद्रात नोकरीला होता.

केंद्राची व्यवस्था चांगली विचारपूर्वक आखलेली होती. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सने गाडी बोलवायला लाल बटण दाबले की निरोप पहिल्या सर्व्हरच्या पत्त्यावर जाई. तिथून उत्तर आले नाही तर दुसऱ्या, आणि तरीही नाही तर तिसऱ्या पत्त्यावर जाई. त्यासाठी तीन सर्व्हर हवे होते. यंत्रे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने एकच आणून ठेवला आणि म्हणाला, "बाकीचे दोन पुढच्या महिन्यात येतील. तोवर तिन्ही पत्ते यालाच देऊन टाका. बाहेरून कोणाला काय कळतंय?"

शिष्याने त्या सर्व्हरच्या एकुलत्या नेटवर्क कार्डाला, म्हणजे निरोप आत येण्याच्या एकमेव दाराला, दोन जादा पत्ते जोडले. काम पाच मिनिटांचे होते. तपासणीत तिन्ही पत्त्यांनी चोख उत्तर दिले. पुढचा महिना आला आणि गेला, सर्व्हर काही आले नाहीत. आपल्याकडे 'तात्पुरते' म्हणून केलेली सोय किती वर्षे टिकते, हे मी वेगळे सांगायला नको.

एके दुपारी ते कार्ड जळाले. त्याच दुपारी एका उपकेंद्रात बाळंतपणात रक्तस्राव होऊन एक बाई गेली. नर्सने अनेकदा बटण दाबले होते, पण चौकशी समिती म्हणाली, "तिन्ही पत्ते एकदम बंद पडतील कसे? हिने बटण दाबलेलंच नाही." नर्सला निलंबित केले गेले.

शिष्य गुरुजींकडे आला. "कार्ड बदललंय, गुरुजी. तिन्ही पत्ते पुन्हा चालू आहेत." नर्सबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.

गुरुजी सरावाच्या यंत्रापुढे बसले आणि त्याच्या कार्डाला एकेक पत्ता जोडू लागले. दुसरा, तिसरा, दहावा. प्रत्येक पत्त्याला शिष्याकडून हाक घालून घेत, उत्तर आले की पुढचा जोडत. विसावा झाल्यावर त्यांनी विचारले, "आता हे यंत्र वीसपट भरवशाचं झालं ना?"

गुरुजींनी मागे हात घालून केबल उपटली. विसांपैकी एकही पत्ता उत्तर देईना.

गुरुजी म्हणाले, "दाराला वीस पाट्या लावल्या म्हणून घरात वीस माणसं राहायला येत नाहीत. जादा पत्ता देण्यात दोष नाही. एका यंत्रावर चार कामं चालवायची तर तो द्यावाच लागतो. पण एक असलेलं तीन आहे असं आपण भासवलं. तपासणाऱ्याने पाट्या वाचल्या, संकटाला वाचता येत नाही. आणि बाळा, तपासणारा मीच होतो. तीन हाका मारल्या, तीन 'ओ' ऐकले, सही केली. आत कोण आहे ते पाहिलं नाही. त्या बाईच्या मरणात माझाही वाटा आहे. पण आता आपण दोघं गप्प बसलो, तर एक निरपराध बाई जन्मभर खोटी ठरेल."

"माझी नोकरी जाईल, गुरुजी."

"जाईल," गुरुजी म्हणाले. खोटा धीर त्यांनी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांनी समितीपुढे लेखी जबाब दिला आणि तिथूनच ते नर्सच्या घरी गेले. शिष्याने उभ्याउभ्याच सगळे सांगितले. तिला आनंद झालेला दिसला नाही. ती भिंतीला टेकून बसली.

मग म्हणाली, "मी सुटले. पण गेलेल्या त्या पोरीच्या आईला मी सांगितलं होतं, घाबरू नका, गाडी निघालीय. गाडी निघालीच नव्हती, हे तिला आता कोण सांगणार?"

शिष्याने गुरुजींकडे पाहिले नाही. "मी सांगतो," तो म्हणाला आणि त्या आईच्या गावाचा रस्ता विचारू लागला.