सुरमईची लाट

“आणि लाट?”

शहाजी इंगवलेने भामाकाकीकडे पाहिलं.

दुसरी फळी मागताना उंची सांगून झाली होती. वजन सांगून झालं होतं, ब्याण्णव. पोहण्यातली राज्य पातळीवरची चार पदकं तर कुणी न विचारताच सांगून झाली होती. लाटेचं कुणी विचारील, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“लाट काय, येईल की काकी,” तो म्हणाला. “समुद्र आहे म्हटल्यावर...”

भामाकाकीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

मालवणच्या खाली गाबीत मच्छीमारांच्या एका वाडीत तिची पडवी होती. पडवीत लाटेवर उभं राहायच्या अकरा फळ्या खुंट्यांवर आडव्या ठेवलेल्या. सत्तरीला टेकलेली ही बाई लहानपणी पांगाऱ्याच्या लाकडाच्या फळीवर पोट टेकून लाटेबरोबर किनाऱ्याला यायची. पुढे उभी राहायला लागली. तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि हे सांगताना तिचा आवाज अजून चढायचा. चढू दे. तेवढा हक्क तिने कमावला होता.

नियम एकच. फळी माणसाने निवडायची नाही. काकी देईल ती घ्यायची.

शहाजीला तिने पहिल्या दिवसापासून म्हैस दिली होती. म्हैस म्हणजे सगळ्यांत लांब, सगळ्यांत रुंद फळी. नवख्यांची. अठरा दिवस तिच्यावर पालथा पडून तो हात मारत राहिला, गुडघ्यांवर आला, पण उभा म्हणून राहिला नाही. म्हशीवर उभं राहून करायचं काय? त्याला सुरमई हवी होती. आखूड, निमुळती, टोकदार. वरच्या खुंटीवरची.

“कोल्हापूरचो मां तू?” काकी म्हणाली. “मग म्हशीक लाजतस कित्याक?”

“काकी, चेष्टा नको. रविवारी इथं फळीवरची स्पर्धा आहे. कोल्हापुराहून दोन जिपा भरून माणसं येणार आहेत माझी. तालमीतली, तलावावरची. त्यांच्यापुढं असल्या पाटावर उभा राहू होय? पंचगंगेच्या पुरात उड्या मारून वाढलोय मी.”

“हात वर कर.”

“आं?”

“दोनूय.”

उजवा हात सरळ वर गेला. डावा कानापाशी येऊन थांबला. शहाजीने ओठ दाबले, पण तो पुढे जाईना.

“झोपेत अवघडलाय,” तो म्हणाला.

“कितकी वर्सां निजलस?”

तीन वर्षं. तीन वर्षांपूर्वी खांदा निखळला, शिवला, आणि त्यानंतर पोहण्याच्या शर्यतीत त्याचं नाव कुणी पुकारलं नाही. या वाडीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुरुषाला वजन सांगायला लाज वाटत नाही. मोडलेलं सांगायला वाटते.

रविवारी त्याला पुन्हा एकदा आपलं नाव भोंग्यावरून ऐकायचं होतं. आपल्या माणसांसमोर. एवढंच होतं, पण ते सगळंच होतं.

काकी उठली. काठीने वरची सुरमई खाली घेतली आणि त्याच्या हातात दिली.

“घे. व्हर.”

शहाजीचा विश्वास बसेना. “खरंच?”

“पण तिची लाट गावल्याशिवाय भायर येवचा नाय.”

“कबूल!” तो म्हणाला, आणि छाती काढून किनाऱ्याकडे निघाला.

मार्गशीर्षातली सकाळ. दर्या निवलेला, लाटा गुडघाभर. शहाजी सुरमईवर बसला, आणि सुरमई त्याच्याखाली बुडाली. पाणी बरगड्यांपर्यंत आलं. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, एक धिप्पाड माणूस पाण्यात मांडी घालून कसली तरी वाट बघतोय.

पहिली लाट आली, त्याच्या खालून गेली.

दुसरी आली. त्याने पालथं होऊन हात मारले. उजवा खणखणीत, डावा अर्धा. लाट पुढे निघून गेली. तो जागच्या जागी थोडा वळला.

शेजारून वालावलकर बाई आल्या. शाळेत भूगोल शिकवतात, पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीने डोक्यामागे बांधलेला. सकाळीच पडवीतून म्हैस घेऊन आलेल्या. तीच गुडघाभर लाट त्यांनी धरली, उभ्या राहिल्या, आणि किनाऱ्यापर्यंत गेल्या. चालत परत आल्या. पुन्हा गेल्या.

“इंगवले, येताय ना?” चौथ्या खेपेला त्यांनी विचारलं.

“तुम्ही व्हा पुढं,” शहाजी म्हणाला.

किनाऱ्यावरून काकीची हाक आली. “इली काय रे तिची लाट?”

“अजून नाही!”

ऊन चढलं. पाठ भाजली. खांद्यात कळ सुरू झाली.

“इली काय?”

“येईल!”

ओहोटी सरत आली. लाटा गुडघ्यावरून घोट्यावर आल्या. वालावलकर बाई म्हैस बगलेत धरून पाण्याबाहेर गेल्या, केस पुसून घेतले, डबा उघडला.

“इली काय?”

शहाजीने दुखरा खांदा चोळला.

“काकी,” शेवटी तो ओरडला, “ही येते तरी कधी?”

“आषाढात,” काकी म्हणाली. “पण तेवा दर्या बंद आसता.”

...

तो बाहेर आला. चालत पडवीपर्यंत गेला, सुरमई स्वतःच्या हाताने पुसली आणि वरच्या खुंटीवर ठेवली. उजव्या हाताने, टाचा उंचावून. मग किनाऱ्यावर येऊन काकीसमोर वाळूत गुडघे टेकले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

“खांदा तीन वर्षांपूर्वी गेला,” तो म्हणाला. “मी सांगितलं नाही. माझा ताठा उतरला, काकी. मला म्हैसच द्या.”

काकीने आशीर्वाद दिला नाही. तिची नजर पाण्यावर होती. ओहोटी संपून पाणी भरतीला वळत होतं.

वालावलकर बाईंनी डब्यातला हात न काढताच दुसऱ्या हाताने म्हशीकडे बोट दाखवलं. “न्या. जरा डावीकडे ओढते, एवढंच.”

शहाजी गेला. आता त्याला कसली घाई नव्हती. म्हैस त्याच्याखाली घरच्या ओट्यासारखी तरंगत होती. लाट आली, तिने मागून उचललं. अर्ध्या हातानेही ती मिळाली. तो उठला. अठरा दिवसांत पहिल्यांदा दोन्ही पायांवर उभा राहिला.

पण उभा राहिला तो कसा? खांदे आत, पाठ वाकलेली, डोळे पायांच्या अंगठ्यांवर. साहेबाच्या टेबलापुढे माफी मागायला उभा असावा तसा. सगळा भार पुढे गेला. म्हशीने तोंड पाण्यात खुपसलं आणि शहाजी तिच्यावरून पालथा पडला.

दुसऱ्यांदा तेच.

तिसऱ्यांदा तेच.

नाकातोंडात पाणी, दाढीत वाळू. म्हैस ओढत तो काकीपाशी आला, तेव्हा त्याचा आवाज धड ऐकू येत नव्हता.

“हीसुद्धा झेपत नाही, काकी. मी त्यांना कळवतो. रविवारी येऊ नका म्हणून.”

वालावलकर बाईंचा हात डब्यात थांबला.

काकी एकदम उठली. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला. शहाजीच्या हातातून म्हशीची दोरी हिसकावली आणि पाण्यात शिरली. कंबरभर पाणी झालं तसं फळीवर पोट टाकलं. दहा हात मारले असतील नसतील, वळली.

लाट आली. तीच, गुडघाभर.

काकी उभी राहिली.

एक हात कमरेवर. हनुवटी वर. नजर थेट किनाऱ्यावर. मासळीच्या लिलावात ती अशीच उभी राहायची, आणि होड्या हाकणाऱ्या भल्याभल्या तांडेलांचा आवाज बसायचा. लाट किरकोळ होती. पण त्या किरकोळ लाटेवरून ती बाई अशी आली, की जणू सगळा दर्या तिला पोचवायलाच निघाला होता.

लाट वाळूत विरली. काकी चालत उतरली, अगदी सहज. लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. छाती धापत होती, पण हनुवटी खाली आली नव्हती.

तिने म्हैस शहाजीच्या पायांशी आणून टाकली.

शहाजी अजून वाळूकडेच बघत होता.

“काकी... मला कळलं,” तो पुटपुटला. “माणसानं नम्र...”

काकीने ओल्या हाताने त्याची हनुवटी धरली आणि वर उचलली. पार वर, त्याला तिचा चेहरा, मागचा दर्या आणि वरचं आभाळ दिसेपर्यंत.

“मान खालीच घालूची होती,” ती म्हणाली, “तर तुका उभो रवाक येवढी रुंद फळी कित्याक व्हयी होती?”